छपराला पांढरे पागोटे

(मेढा येथील प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



वैशाखात रानात जाताना आपण डोक्याला पांढरे पागोटे बांधतो. काळे का नाही बांधत? पांढरे ऊन परतवते, काळे ऊन पिते, हे आपल्याला ठाऊक आहे. मग घराच्या डोक्याला काय?

आता पत्र्याची घरे पुष्कळ झाली. भर दुपारी त्या पत्र्याखाली बाळंतीण निजलेली असते, म्हातारी माणसे असतात. पत्रा तापतो आणि सारी धग त्यांच्यावर ओततो.

उन्हात उजेड असतो, तो आपल्याला दिसतो. पण जवळजवळ निम्मी उष्णता न दिसणाऱ्या किरणांतून येते. १८०० साली विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने काचेच्या लोलकातून ऊन पाडले. रंगांचा पट्टा उमटला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे त्याने तापमापक ठेवला. पारा तिथेच सर्वांत वर चढला!

कुणी म्हणेल, "नवा पत्रा चकचकीत असतो. तोही ऊन परतवतोच की!" खरे आहे. पण शिरलेली धग तो लवकर सोडत नाही. चांगला पांढरा रंग ऊन परतवतो आणि शिरलेली धग आकाशाकडे सोडूनही देतो.

२०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उन्हाने हजाराहून अधिक माणसे दगावली. शहराने २०१३ साली उष्म्याशी झुंजण्याची योजना आखली. २०१७ साली गरिबांच्या वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले.

पटत नसेल तर करून पाहा. पत्र्याचे दोन तुकडे घ्या. एक पांढरा रंगवा, एक काळा. तासभर उन्हात ठेवा आणि मग जपून हात लावा.

स्लॅबला चुना चालतो. त्यात थोडा डिंक घाला. मात्र डोळे सांभाळा. पत्र्यावरचा चुना लवकर सुटतो, म्हणून पत्र्याला चालणारा पांढरा रंग दुकानात मागा. आधी धूळ आणि गंज काढा. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो फुटतो. आपल्याकडे पाऊस दांडगा. चुना धुऊन जाणारच. म्हणून दर वर्षी शिमगा झाला, की पुन्हा हात फिरवा.

पागोटे आपण रोज बांधतो. घराला ते वर्षातून एकदा बांधू या.