तोफ, पेन्शन आणि दवाखाना

(रेल्वे व डाक कर्मचाऱ्यांच्या संयुक्त अभ्यासवर्गात मराठी भाषिक कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थसंकल्प आला की रनिंग रूममध्ये, सॉर्टिंगच्या टेबलाभोवती एक वाद हमखास रंगतो. एक जण म्हणतो, सैन्यावर एवढा पैसा आणि आपल्या दवाखान्यात साध्या गोळ्या नाहीत. दुसरा उसळून म्हणतो, जवान सीमेवर उभा आहे म्हणून तू इथे बसून बोलतोस. मग आवाज चढतात, चहा निवतो आणि ड्यूटीची वेळ होते. आज हाच वाद आपण आकडे हातात घेऊन करू.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी रुपये दिले गेले. त्यातले १,८०,००० कोटी नवी शस्त्रास्त्रे, विमाने, जहाजे अशा भांडवली खर्चासाठी आणि १,६०,७९५ कोटी निवृत्तीवेतनासाठी. आरोग्य मंत्रालयाच्या वाट्याला आले सुमारे ९९,८५९ कोटी. म्हणजे साऱ्या देशाच्या आरोग्यासाठी केंद्राने जे ठेवले, त्याहून संरक्षण खात्याचे नुसते पेन्शन मोठे आहे. हा आकडा वर्तमानपत्रात वाचून आपल्यातला एखादा पटकन म्हणतो, “बघा, फौजी पेन्शन देश खाऊन टाकते आहे.”

इथेच थोडे थांबले पाहिजे. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मोठा खर्च राज्ये करतात. तेव्हा केंद्राचे दोन आकडे शेजारी मांडून न्याय होत नाही. केंद्र आणि राज्ये मिळून काय करतात ते पाहू. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारने लिहून दिले होते की २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्य खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. सरकारच्याच हिशेबाप्रमाणे २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडच्या काळातदेखील, तो १.८४ टक्के होता. त्या वर्षी देशातल्या एकूण आरोग्य खर्चातील शंभरातले ३९ रुपये लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. २०१३-१४ मध्ये ते ६४ होते, ही सुधारणा आम्ही नाकारत नाही. पण आजारपणासाठी पतपेढीचे कर्ज काढणारे किती आहेत, हे इथल्या प्रत्येक शाखा सचिवाला ठाऊक आहे.

हा प्रश्न काही आजचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, तेव्हाच्या निवेदनात त्यांनी हिशेब मांडला होता. सरकारचे वार्षिक उत्पन्न ३५० कोटी आणि त्यातले १८० कोटी सैन्यावर. त्यांनी दोष जवानाला दिला नाही, परराष्ट्र धोरणाला दिला. शेजाऱ्यांशी आणि जगाशी आपले संबंध कसे आहेत, यावर सैन्याचा खर्च ठरतो, हा त्यांचा मुद्दा. आम्हाला तो आजही लागू वाटतो.

दुसरी आठवण आपल्या घरची. रेल्वेचा ऐतिहासिक संप ८ मे १९७४ रोजी सुरू झाला. बोनस द्या, सार्वजनिक उद्योगांतल्या कामगारांच्या बरोबरीने वेतन द्या, या मागण्या होत्या. तिजोरीला हे पेलणार नाही, असे सरकारचे उत्तर होते. हजारो कर्मचारी तुरुंगात असताना, संपाच्या अकराव्या दिवशी, १८ मे रोजी पोखरणला अणुस्फोट झाला. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. बोनस मिळायला १९७९ उजाडले. आणि नियतीचा खेळ पाहा, त्या संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस १९९८ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री होते आणि त्याच मे महिन्यात पोखरणला पुन्हा स्फोट झाले. माणूस बदलला की खुर्ची बदलली, यावर जुनी मंडळी अजून वाद घालतात. त्यात आज शिरत नाही.

मग जवान आपला विरोधक आहे काय? १९६५ च्या युद्धात राजस्थानच्या बाडमेर सीमेवर गडरा रोडकडे सैन्याची रसद नेताना बॉम्बहल्ल्यात रेल्वे कर्मचारी धारातीर्थी पडले. तिथे त्यांचे स्मारक आहे आणि रेल्वे कामगार दरवर्षी सप्टेंबरात तिथे जमतात. आपले डाक कर्मचारी प्रतिनियुक्तीवर सैन्य डाक सेवेत जातात, त्या सेवेचे प्रशिक्षण केंद्र तर नागपूरजवळ कामठीला आहे. निवृत्त जवान आपल्याकडे गेटवर, पार्सल ऑफिसात, पोस्टाच्या काउंटरवर काम करतात. संरक्षण पेन्शनच्या त्या मोठ्या आकड्यात खडकी, अंबरनाथ, वरणगावच्या आयुध निर्माणींतून निवृत्त झालेले आपल्यासारखे नागरी कामगारही मोजलेले आहेत, हे किती जणांना माहीत आहे?

जवानाला पेन्शन कोणी खुशीने दिली नाही. समान पद, समान पेन्शन या मागणीसाठी माजी सैनिकांना २०१५ मध्ये जंतरमंतरवर साखळी उपोषणाला बसावे लागले. तेव्हाही तिजोरीचेच कारण पुढे होते. आणि जे मिळाले ते पुढच्या पिढीला राहणार आहे का? १ जानेवारी २००४ पासून आपल्याकडच्या नव्या भरतीची जुनी पेन्शन गेली. सैन्यदले त्यातून वगळली होती. आपल्यातले काही जण तेव्हा म्हणाले, निदान जवान तरी वाचला. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ आली. चार वर्षे नोकरी, शंभरातले फार तर पंचवीस कायम, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांची पुंजी, त्यातली निम्मी त्यांच्याच पगारातून कापलेली. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ नाही. या योजनेची बाजू घेणाऱ्यांनी काय सांगितले, आठवा. वाचलेला पैसा आधुनिक शस्त्रांना मिळेल, असे सांगितले. दवाखान्याचे नाव कोणीही घेतले नाही. म्हणून आम्ही म्हणतो, जवानाची पेन्शन कापून इस्पितळ उभे राहत नाही.

माजी सैनिकालाही म्हातारपणी आधी डॉक्टरच लागतो. त्यांची अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून आहे, २०२५-२६ मध्ये तिला ८,३१७ कोटी मिळाले. तरीही सरकारकडून देणी थकली की खासगी इस्पितळे त्यांना दारातून परत पाठवतात. आपले काय वेगळे आहे? रेल्वेच्या इस्पितळातून खासगीकडे पाठवण्याची चिठ्ठी मिळवताना काय हाल होतात, ते तुम्ही जाणता. आरोग्य योजनेच्या शहराबाहेर राहणाऱ्या डाक निवृत्तांना ठरावीक वैद्यकीय भत्ता महिना १,००० रुपये, तोही २०१७ पासून तेवढाच. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या एवढ्यात कशा भागतात, ते सरकारने सांगावे. ग्रामीण डाक सेवकाला तर तेवढेही नाही.

एप्रिल २०२१ मध्ये इस्पितळांत प्राणवायू संपला, तेव्हा कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला धावली आणि भरलेले टँकर नागपूर, नाशिकला पोहोचले. ती गाडी आपल्या लोकांनी चालवली. रिकामे टँकर हवाई दलाच्या विमानांनीही वाहिले. जवान आणि रेल्वे कामगार, दोघे मिळून आरोग्य व्यवस्थेतले भोक बुजवत होते.

पैसा नाही, हे आम्हाला पटत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कर कमी केला, तेव्हा वर्षाला १.४५ लाख कोटींचे उत्पन्न सोडले जाईल, असे सरकारनेच जाहीर केले होते. ही रक्कम २०२५-२६ च्या आरोग्य मंत्रालयाच्या तरतुदीच्या जवळजवळ दीडपट होते. हा आकडा चर्चेत येत नाही, कारण आपण जवान की रुग्ण यावर भांडत असतो.

युद्धाच्या दिवसांत मागण्या करू नयेत, असाही सूर निघतो. मे २०२५ मध्ये सीमेवर संघर्ष झाला, तेव्हा केंद्रीय कामगार संघटनांनी २० मे चा देशव्यापी संप पुढे ढकलून ९ जुलैला केला. जबाबदारी कामगारांनी दाखवली. पण पुढे ढकललेली मागणी सोडून दिलेली नसते.

आता कामाचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा जाहीर झाली. तिच्यात एक लहानसे वाक्य आहे, की अंशदान नसलेल्या निवृत्तीवेतन योजनांच्या खर्चाचा आयोगाने विचार करावा. जवानाचे पेन्शन त्यातच येते आणि २००४ पूर्वी लागलेल्या आपल्या लोकांचेही. एकाच वाक्यात दोघांना बसवले आहे. म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या माजी सैनिक संघटनेला गाठावे, आपले पेन्शन व वैद्यकीय भत्त्याचे मुद्दे त्यांच्यापुढे ठेवावेत, त्यांचे ऐकून घ्यावे आणि दोघांच्या सह्यांचे निवेदन तयार करावे. अग्निवीरांचा मुद्दा त्यात असलाच पाहिजे. अडीच टक्क्यांचे लेखी आश्वासनही तारखेसह लिहावे. मराठी मसुदा बाहेर टेबलावर ठेवला आहे. इटारसी, सुरत, सिकंदराबादकडच्या मंडळींनी जाताना जादा प्रती न्याव्यात, हिंदी प्रत मागाहून पाठवू.