शेणोलीचे दगड आणि लास वेगासची तिजोरी

चोरीचा बेत पडद्यावर शिजू लागला की प्रेक्षक हां हां म्हणता चोरांच्या बाजूचा होतो. टेबलावर नकाशा पसरलेला असतो. कुलपं उघडणारा एक, गाडी पळवणारा दुसरा, सोंगं वठवणारा तिसरा अशी माणसं जमलेली असतात. पहारेकऱ्याची पाळी कधी बदलते याची मिनिटं मोजली जात असतात. एरवी दुसऱ्याच्या पैशालाही हात न लावणारा गृहस्थ तेव्हा श्वास रोखून बसतो आणि या मंडळींचा बेत फसू नये म्हणून मनातल्या मनात देवाला साकडं घालतो. असा सिनेमा काही वर्षांनी नव्या नटांना घेऊन पुन्हा निघतो, तेव्हा मात्र एक प्रश्न येतो. तिजोरी फुटणार हे ठाऊक असताना तिकीट काढायचं कशासाठी?

सांगलीकरांनी या प्रश्नाचं उत्तर १८४३ सालीच देऊन ठेवलं आहे. विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा शिवधनुष्य कोण उचलणार हे प्रत्येक प्रेक्षकाला पाळण्यातल्या वयापासून माहीत होतं. तरी माणसं आली, कारण ते कसं उचललं जातं हे त्यांना बघायचं होतं. जत्रेतल्या वगाचंही तेच. रेठरे हरणाक्षच्या शाहीर पठ्ठे बापूरावांचं नाव ज्या मुलखात घेतलं जातं, तिथला प्रेक्षक कथेचा शेवट ऐकायला तंबूत येत नाही. सोंगाड्या या खेपेला राजाची फिरकी कशी घेतो, यासाठी तो रात्र जागवतो.

लुटीच्या सिनेमाचा रिमेक याच ‘कसं’वर उभा असतो. त्याचा उत्तम नमुना म्हणजे ‘ओशन्स इलेव्हन’. १९६०च्या मूळ चित्रपटात फ्रँक सिनात्रा आणि त्याचे लष्करातले जुने सोबती एकतीस डिसेंबरच्या रात्री लास वेगासचे पाच जुगारअड्डे लुटतात. विजेचा मनोरा उडवायचा, अंधार करायचा, पैसा उचलायचा, एवढाच तो बेत. २००१ साली स्टीव्हन सोडरबर्गनं तो पुन्हा केला तेव्हा नाव ठेवलं, अकरा माणसं ठेवली, गाव ठेवलं आणि चोरीची रीत मुळापासून बदलली. जॉर्ज क्लूनीची टोळी एका गोदामात तिजोरीची हुबेहूब प्रतिकृती उभारते. प्रेक्षकाला वाटतं, ही तालमीसाठी. चोरीच्या रात्री कळतं की जुगारअड्ड्याचा मालक पडद्यावर जी लूट पाहून हादरला, ती त्या प्रतिकृतीत आधीच चित्रित केलेली होती. घाबरून तो सशस्त्र पोलिसांना बोलावतो, तर पोलिसांच्या वेशात येते तीच टोळी आणि खरा पैसा पिशव्यांत भरून सर्वांसमक्ष पुढच्या दारानं निघून जाते. प्रतिकृती आपण पाहिली होती, तरीही फसलो, हा आनंद निखळ असतो. असा सिनेमा दुसऱ्यांदा बघताना तर तो वाढतो.

याउलट २०१२चा ‘प्लेयर्स’. ‘द इटालियन जॉब’ १९६९ साली निघाला, २००३ साली हॉलिवूडनं तो पुन्हा केला आणि मग अब्बास-मस्तान यांनी तो हिंदीत आणला. मूळ चित्रपटात छोट्या मिनी कूपर गाड्या सोनं घेऊन तुरिन शहराच्या जिन्यांवरून, कमानींखालून पळतात. गाड्या लहान म्हणूनच त्या वाटा शक्य होतात, सगळी युक्ती त्या लहानपणात आहे. ‘प्लेयर्स’मध्ये सोनं दहा हजार कोटींचं झालं, रशियातली रेल्वे आली, न्यूझीलंड आलं, तारे-तारकांची रांग लागली. चित्रपट तिकीटबारीवर पडला. लुटीचा आकडा फुगवल्यानं थरार वाढत नाही, अडथळा चोख असावा लागतो. ‘व्हिक्टोरिया नं. २०३’चीही थोडी तीच गत. १९७२ साली अशोककुमार आणि प्राण मुंबईच्या घोडागाडीत दडवलेल्या हिऱ्यांमागे धावले, तेव्हा व्हिक्टोरिया रस्त्यावर रोज दिसणारी गोष्ट होती. २००७ साली ओम पुरी आणि अनुपम खेर तेच करू लागले, तोवर ती पर्यटकांना फिरवायची हौस उरली होती. हजार गाड्यांत एक गाडी हुडकायची गंमतच संपली.

खरं तर लुटीच्या कथेसाठी सातारा-सांगलीच्या माणसाला तुरिनला जायची गरज नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ साली ‘फकिरा’ लिहिली. तिची सुरुवातच एका पळवापळवीनं होते. शिगावच्या जत्रेतलं मानचिन्ह असलेली जोगणी हिसकावून जो आपल्या गावच्या शिवेत आणेल, त्याच्या गावाकडे जत्रेचा मान जातो. फकिराचा बाप राणोजी ती आणतो. शीव ओलांडली की पाठलाग थांबला पाहिजे, हा नियम. पाठलाग करणारा बापू खोत तो मोडतो आणि राणोजीचा जीव जातो. पुढे दुष्काळात माणसं अन्नावाचून तडफडू लागतात, तेव्हा फकिरा आधी धान्य लुटतो, मग सरकारी खजिना. कादंबरीला १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, १९६३ साली त्याच नावाचा मराठी चित्रपट आला. नियम, पाठलाग, शीव, सोबती, शेवटी आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतःहून शत्रूच्या हाती जाणं, एवढं सगळं एका कथेत असताना ती आजच्या कॅमेऱ्यानं पुन्हा पाहावी असं वाटणं स्वाभाविक आहे. जोगणीचा तो पाठलाग नीट चित्रित झाला, तर त्याच्यापुढे मोटारींची शर्यत फिकी पडेल.

आणि कादंबरीच्याही पलीकडे खुद्द इतिहास आहे. ७ जून १९४३. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं कराड तालुक्यात शेणोलीजवळ पुणे-मिरज मार्गावरची गाडी अडवली. तिच्यात सरकारी नोकरांच्या पगाराची रक्कम होती. म्होरके होते कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड. हातात कोयते, काठ्या आणि दोन-तीन गावठी बॉम्ब. बंदूक नव्हती. गाडी थांबवायला त्यांनी रुळांवर दगड रचले. गाडी थांबल्यावर शेवटच्या डब्यामागेही रचले, म्हणजे चालकाला गाडी मागे नेता येऊ नये! बंदूकधारी रक्षकाला त्यांनी आवरलं, रक्कम घेतली आणि ते पसार झाले.

मागचे ते दगड लक्षात घ्यावेत. पुढचे दगड कुणालाही सुचतील. मागचे सुचायला गाडीचा, चालकाच्या मनाचा आणि हाताशी असलेल्या मिनिटांचा विचार झालेला असावा लागतो. गाडी थांबेपर्यंत माणसं कुठं लपली असतील, ती थांबताच किती हातांनी किती वेळात रास रचली असेल, हे पडद्यावर दिसलं तर सोडरबर्गच्या तिजोरीइतकाच प्रेक्षक गुंतेल. ही लूट म्हणू नये, इंग्रजांनी जनतेचा नेलेला पैसा परत आणला, असं कॅप्टन भाऊ ठामपणे सांगत. २०१७ साली ते शेणोलीला त्याच जागी पुन्हा गेले होते, २०२२ साली त्यांचं निधन झालं. त्यांचं म्हणणं पटकथेच्या पहिल्या पानावरच यायला हवं. थरारानं या माणसांचा मान कमी होत नाही. उलट त्यांची अक्कलहुशारी भाषणांतून जितकी कळते, त्याहून जास्त ती अशा प्रसंगात दिसते.

शेणोलीनंतरच्या वर्षी, १४ एप्रिल १९४४ रोजी, जी. डी. बापू आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे कार्यकर्ते थेट खानदेशात उतरले आणि चिमठाण्याजवळ धुळ्याचा सरकारी खजिना ताब्यात घेतला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात. त्यांच्या घरापासून शेकडो मैल दूर, परक्या बोलीच्या मुलखात. हा शेणोलीनंतरचा दुसरा चित्रपट होऊ शकतो. सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी २४ जुलै १९४३ रोजी निसटले, तो तिसरा. मात्र तिथं हसू-खेळू देणारा सूर चालणार नाही, त्या दिवशी अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीबारात गेले.

शेणोलीचा चित्रपट करू पाहणाऱ्या निर्मात्याला नट शोधायला लांब जावं लागणार नाही. कुंडल, पलूस, वाळव्याची बोली घरात बोलणारी आणि एकांकिका स्पर्धांत घाम गाळणारी पोरं सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत भरपूर आहेत. दगडांनाही तोटा नाही. अडचण गाडीची आहे. १९४३ साली हा मार्ग मीटर गेजचा होता, आज तिथं ब्रॉडगेज आहे. तेव्हा त्या मापाचं वाफेचं इंजिन आणि डबे मिळवायचे, आणि ते चालवता येतील असा रूळ हुडकायचा, हे काम कलावंतांच्या निवडीआधी सुरू करावं लागेल.