तारा की अलायनर?
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मागच्या सभेनंतर चिटणीसबाईंनी मला जिन्यात गाठले व म्हणाल्या, "तुमच्या घरी दातांचे दोन्ही प्रकार झाले आहेत ना? मग पुढच्या महिन्यात त्यावरच बोला." मी म्हटले, "अहो, मी काही दंतवैद्य नव्हे." त्यावर त्यांनी तोड काढली, "दंतवैद्य आम्ही तुमच्या शेजारी आणून बसवू." त्याप्रमाणे डॉक्टरीणबाई येथे बसल्या आहेत. माझे कोठे चुकले तर त्या मला थांबवणार आहेत, म्हणून मी निर्धास्तपणे बोलते.

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी आज हा प्रश्न उभा आहे. मुलाचे दात पुढे आलेले, मुलीचा दातावर दात. पूर्वी एकच उपाय होता. दातांवर लहान खिट्ट्या चिकटवायच्या आणि त्यांतून तार ओवायची, आपण ज्याला "क्लिप लावली" म्हणतो तो. आता दुसराही आहे. दातांवर बसणारी पारदर्शक प्लास्टिकची पातळ खोळ, म्हणजे अलायनर. आपल्या आपण काढता येते, घालता येते, चार हात दूरून कोणाला दिसत नाही. मग कोणते घ्यावे? मलाही वाटले होते की यात विचार करण्यासारखे काय आहे? जे दिसत नाही ते चांगले! या "दिसत नाही"पायी मी काय केले, ते सांगण्यासाठीच उभी आहे.

माझी धाकटी त्या वेळी चौदा वर्षांची होती. वरचा उजवा सुळा हिरडीत उंच चढलेला, खालचे दात एकमेकांवर रेललेले, एक उपदाढ स्वतःभोवती फिरलेली. पहिल्या डॉक्टरांनी, म्हणजे बी.डी.एस.नंतर आणखी तीन वर्षे याच शास्त्रात शिकून एम.डी.एस. झालेल्या डॉक्टरांनी, चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढला आणि सांगितले, "जागा फार कमी आहे. चार उपदाढा काढाव्या लागतील आणि तारा बसवाव्या लागतील. दोन वर्षे धरून चाला." खर्च पंचेचाळीस हजार.

घरी येऊन हे सांगितले मात्र, सासूबाई म्हणाल्या, "मुलीच्या जातीला तोंडात लोखंड? आणि चांगले धडधाकट दात उपटायचे? उद्या कोणी बघायला आले म्हणजे?" चौदा वर्षांच्या पोरीला कोण बघायला येणार होते, ते देवच जाणे. मौज अशी की तिच्या थोरल्या भावाचे दात तिच्याहून वाकडे आहेत आणि त्याबद्दल घरात आजवर कोणी चकार शब्द काढलेला नाही. पण सासूबाईंना बोल लावून मी सुटणार नाही. भीती माझ्याही मनात तीच होती. मी दुसरीकडे गेले. तेथे पडद्यावर तिचे दात एका मिनिटात सरळ होताना दाखवले, उपदाढा न काढता, तारा न लावता. एक लाख तीस हजार. पाटल्यांसाठी भिशीत साठवलेले पैसे मी त्यात घातले. लेकीला मात्र कोणी काही विचारले नाही.

आठ महिन्यांनी सुळा जवळजवळ होता तेथेच होता. खोळी दातांवर नीट बसेनाशा झाल्या होत्या, कडेला फट दिसू लागली होती. तिकडून उत्तर आले, "मुलगी घालत नाही, आम्ही काय करणार?" मी घरी येऊन लेकीला इतके बोलले, इतके बोलले, की ती दोन दिवस धड जेवली नाही. पैसे परत मिळाले नाहीत. आम्ही पुन्हा पहिल्या डॉक्टरांच्या दाराशी गेलो.

त्यांनी एका शब्दाने टोचले नाही. उलट शांतपणे समजावून दिले, आणि ते मला प्रथमच कळले, की दात हा लाकडात ठोकलेला खिळा नव्हे. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक अस्तर असते, पाव मिलिमीटरहूनही पातळ. दातावर हलका पण सतत दाब ठेवला की पुढच्या बाजूचे हाड विरघळते, मागच्या बाजूला नवे हाड भरते, आणि दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. जोर वाढवला म्हणून तो लवकर सरकत नाही. उलट मूळच झिजून आखूड होण्याची भीती असते. भर आहे तो "सतत" या शब्दावर. तार असो की अलायनर, हाडाला त्याचे काही नाही. त्याला दाब कळतो, आणि दाब मध्येच थांबला तर तेही कळते.

तारांची पद्धत जुनी आहे. एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९२८ साली जी चौकोनी खाचेची खिट्टी प्रसिद्ध केली, तिचीच सुधारलेली आवृत्ती आज आपल्या मुलांच्या दातांवर असते. तार मात्र बदलली. निकेल आणि टिटॅनियम यांचा एक मिश्रधातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास हाती आला. तो वाकवला तरी आपल्या मूळ आकाराकडे परत येऊ पाहतो. १९७० नंतर तो दंतवैद्यांनी उचलला आणि तारांची ओढ पूर्वीपेक्षा पुष्कळ सौम्य झाली. अलायनरही अगदी आकाशातून पडलेले नव्हे. केसलिंग नावाच्या डॉक्टरांनी १९४५ मध्येच दात थोडे थोडे सरकवणारी रबराची खोळ केली होती. १९९७ साली अमेरिकेत निघालेल्या एका कंपनीने त्याला संगणकाची जोड दिली आणि इन्व्हिसअलाइन या नावाने ते बाजारात आणले. २०१७ पासून तिच्या मूळ पेटंटांची मुदत संपू लागली, आणि तेव्हापासून जगभर, आपल्याकडेही, असे अलायनर करणारे पुष्कळ झाले.

एक खोळ दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवते. दहापंधरा दिवसांनी ती टाकायची आणि पुढची घालायची. थोडी दाटी, थोड्या फटी, पुढचे दात किंचित कललेले, एवढे काम असेल तर ते छान होते. पण हिरडीत चढलेला दात खाली ओढून आणायचा, गोलसर उपदाढ जागच्या जागी फिरवायची, दात काढून झालेली मोठी फट मुळांसकट बंद करायची, ही कामे गुळगुळीत प्लास्टिकला जड जातात. त्यासाठी दातांवर दाताच्याच रंगाचे लहान उंचवटे चिकटवतात, कधी रबरही लावतात. तरीही संगणकाच्या पडद्यावर जे दिसते ते तोंडात तसेच्या तसे उतरतेच असे नाही. अमेरिकेत पुढच्या दातांची एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्के प्रत्यक्षात झाली होती. २०२० च्या नव्या पाहणीत हा आकडा ५० टक्क्यांवर आला. सुधारणा आहे, पण म्हणूनच मध्ये पुन्हा मोजमाप घेऊन आणखी खोळी कराव्या लागतात, आणि त्यांचा खर्च पहिल्या रकमेत धरला आहे की नाही हे आधीच विचारून घ्यावे. मी विचारले नव्हते.

म्हणजे माझ्या लेकीच्या तोंडात नेमकी तीच कामे होती, जी अलायनरला सर्वांत जड. उंच सुळा आणि फिरलेली उपदाढ. दोष सगळा तिचा नव्हता.

तारा बसल्या. पहिला आठवडा तिने मऊ भात आणि मुगाची खिचडी यांवर काढला. गालाला आतून तोड पडली, त्यावर डॉक्टरांनी दिलेले मेण खिट्टीवर दाबून बसवायचे. चिक्की, ऊस, भाजके चणे, कणीस, सगळे बंद. पेरू बारीक फोडी करून. खिट्टी निघाली तर मध्येच धावपळ. जेवणानंतर दात घासायला पंधरा मिनिटे, आणि तो कंटाळा केला तर खिट्टीभोवती पांढरे डाग राहतात ते तारा काढल्यावरच दिसतात. आमच्या हिच्या दोन दातांवर आहेत. एक गोष्ट खास आपल्या स्वयंपाकघराची: खिट्टीवर तार धरून ठेवायला लहान रबरी कडी असतात. ती पारदर्शक घेतली की पहिल्याच आमटीच्या हळदीने पिवळीधमक होतात. म्हणून ही पोर दर महिन्याला निळी नाही तर हिरवी मागू लागली. जे लपवण्यासाठी मी पाटल्या घालवल्या, ते ती मैत्रिणींना तोंड उघडून दाखवीत होती! बावीस महिन्यांनी सुळा खाली आला. उपदाढा काढल्याची जागा आज मला शोधूनही सापडत नाही.

आता माझे स्वतःचे. वयाबरोबर खालचे पुढचे दात दाटीत येतात, तसे माझे आले होते, आणि तेथे अन्न अडकून हिरडी सुजे. सेहेचाळिसाव्या वर्षी त्याच डॉक्टरांनी मला सांगितले, "तुमचे काम लहान आहे. तुम्हाला अलायनर चालतील." आधी हिरड्यांची सफाई करून घ्यावी लागली. हिरडी आजारी असताना दात हलवायचा नसतो, हे आपल्या वयाच्या भगिनींनी जरूर लक्षात ठेवावे. मग दातांच्या कडा केसभर घासून जागा केली आणि चौदा खोळींची पेटी माझ्या हाती आली. दिवसातले बावीस तास घालायच्या.

बावीस तास म्हणजे उरले दोन. मी हिशेब मांडला. न्याहारी वीस मिनिटे, दोन जेवणे अर्धा अर्धा तास, दोन चहा पाव पाव तास. झाली एकशेदहा मिनिटे. प्रत्येक वेळी दात घासून, खोळ धुऊन पुन्हा घालायची, त्याची पाच वेळा तीन तीन मिनिटे. संपले दोन तास, वर पाच मिनिटे उधारी. आणि मग भाजीत मीठ बरोबर पडले की नाही ते कोणी चाखायचे? नैवेद्याचा स्वयंपाक असला म्हणजे मला हायसे वाटे, त्या दिवशी चाखायचेच नसते. शेजारच्या काकू तीर्थप्रसाद घेऊन येत, हळदीकुंकवाला मसाल्याचे दूध पुढे येई, कोणी पाहुणा आला की त्याच्याबरोबर घोटभर चहा. खोळीवरून चहा प्यावा तर ती पिवळी पडते आणि गरम चहाने वाकडी होते. एकदा लग्नाच्या पंगतीत कागदी रुमालात गुंडाळून ठेवली आणि पत्रावळीबरोबर गेली. एकदा नुसताच कंटाळा आला आणि दुपारभर घातली नाही. रात्री घालताना ती अशी आवळली की डोळ्यांत पाणी आले.

त्या रात्री मी लेकीला विचारले, "तू दिवसातून किती वेळ घालत होतीस ग?" ती म्हणाली, "शाळेत डब्याच्या सुट्टीत काढायचे. हात धुवायच्या नळावर एवढी गर्दी असायची, सगळ्यांच्या देखत कशी धुऊ? मग घरी येईपर्यंत डबीतच राहायची. तुला सांगणार होते, पण तू पाटल्यांचे पैसे घातले होतेस ना." मी सेहेचाळीस वर्षांची बाई, घरात बसून, स्वतःच्या हौसेने घेतलेली वस्तू मला बावीस तास सांभाळता येत नव्हती. आणि चौदा वर्षांच्या पोरीला त्यापायी मी दोन दिवस उपाशी ठेवले होते. तिची माफी मी तेव्हा मागितली, आणि आज ती मागच्या रांगेत बसली आहे म्हणून पुन्हा मागते.

तेव्हा मला विचाराल तर आधी दात कोणते काम मागतात ते डॉक्टरांकडून समजून घ्यावे, आणि ते काम दोन्हींनी होण्यासारखे असेल तरच आवडीनिवडीचा प्रश्न काढावा. तार रात्रंदिवस आपली आपण काम करते. अलायनर घालणाऱ्याच्या हातात आहे, आणि ते हात कोणाचे, त्यांचा दिवस कसा जातो, हे त्यांनाच विचारावे लागते. कॉलेजात जाणारी, शिस्तीची, वाद्य वाजवणारी किंवा लोकांपुढे उभी राहणारी मुलगी असेल आणि काम लहान असेल, तर मी स्वतः अलायनर घ्या म्हणेन. दात घासणे सोपे, जखमा कमी. पैशाची ओढ असेल तर दंतवैद्यकीय महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली पुष्कळ कमी खर्चात तारा लावतात, त्यात कमीपणा नाही. आणि टपालाने किंवा घरबसल्या खोळी मागवण्याच्या भानगडीत पडू नये. अमेरिकेत स्माइल डायरेक्ट क्लब नावाची मोठी कंपनी याच धंद्यावर उभी होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती एकाएकी बंद झाली आणि अर्ध्यावर आलेले लोक खोळी हातात घेऊन बसले. एक्स-रे न काढता, हिरडी न तपासता दात हलवू देणे मला तरी पटत नाही.

एक राहिले. दात सरळ झाले म्हणजे संपले असे नव्हे. ते जुन्या जागी परत जायला टपलेले असतात, म्हणून रात्री रिटेनर घालावा लागतो, तोही वर्षानुवर्षे, दोन्ही पद्धतींत. आमच्या घरी न्हाणीघराच्या फळीवर दोन डब्या आहेत, तिची निळी, माझी पांढरी. रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी ती आतून ओरडते, "आई, घातलास का?" आणि दहातून एखाद्या वेळी मला उठावे लागते.

चहा तयार आहे असे चिटणीसबाई खुणावीत आहेत. दिवसाचा चहा आता मला घड्याळाकडे न बघता पिता येतो. बाकीचे प्रश्न डॉक्टरीणबाईंना विचारा.