दिवसभर राबतो, आणि वर व्यायाम?
(विडी कामगार वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



बायकांच्या आरोग्यावर बोलायचं म्हटलं की आपण बाळंतपण, अंगावरून जाणं, रक्त कमी असणं यांवर बोलतो. मान आणि खांदे कुठल्या यादीत नसतात. पण सोलापूर, सिन्नर, संगमनेरकडच्या विडी वळणाऱ्या बाईला 'काय दुखतं?' असं विचारून बघा, हात आपोआप मानेमागे जातो. घरचे म्हणतात, वय झालं. तिशीतल्या बाईचं कसलं वय?

तिचं काम बघा. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. मान खाली, खांदे पुढे, चालतात फक्त बोटं. मजुरी हजार विड्यांमागे, म्हणजे थांबलं की तोटा. आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं. ते मानेवर सरळ तोललेलं असतं तेव्हा भार जाणवत नाही. पुढे झुकलं की ते धरून ठेवायचं काम मानेमागच्या आणि खांद्यावरच्या स्नायूंवर पडतं. स्नायू आवळला, सैल झाला, असं चाललं तर त्यातून रक्त खेळतं राहतं. तासन् तास आवळलेलाच राहिला तर तो थकतो, दुखतो, दाबला की गाठीसारखा लागतो. दुखतो म्हणून आपण अंग आणखी आखडून धरतो. घरात मारहाण असेल, डोक्यावर कर्ज असेल, तर खांदे झोपेतही खाली येत नाहीत. म्हणून मानदुखीची चौकशी करताना घरची चौकशीही करा, पण सासूसमोर नको.

व्यायामाचं नाव काढलं की बायका हसतात. "ताई, दिवसभर राबतोच की, आणि वर व्यायाम?" प्रश्न रास्त आहे. पण कामात तेच स्नायू त्याच स्थितीत जखडलेले असतात. व्यायामात ते पूर्ण ताणले जातात, पूर्ण सैल होतात आणि हळूहळू बळकट होतात. खांदे कानापर्यंत उचलायचे, पाच आकडे मोजायचे, मग सावकाश सोडायचे. पाठीची दोन्ही पाती मागे एकमेकींकडे ओढायची. हनुवटी वर न करता सरळ मागे न्यायची. कान खांद्याकडे झुकवून पंधरा-वीस आकडे थांबायचं, मग दुसरी बाजू. श्वास रोखायचा नाही. मान गरागरा फिरवायची नाही, आणि कुणाकडून झटका देऊन मोडून तर मुळीच घ्यायची नाही. आठवड्यातून तीनदा पाण्याच्या भरल्या बाटल्या हातांत घेऊन हात बाजूने खांद्यापर्यंत उचलायचे. गुण यायला दीड-दोन महिने लागतात, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आठव्या दिवशी सगळं सुटतं.

शेक आणि हलकं मालीश यांनी बरं वाटतं, जरूर करावं. पण तो उतारा त्या रात्रीपुरता. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र रोज उपाशीपोटी घेणाऱ्या बायका आपल्याला भेटतात. त्यांनी पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडांना इजा होते. हे स्पष्ट सांगा.

नुसता व्यायाम पुरणारही नाही. सूप मांडीवरून उचलून पाटावर किंवा उलट्या डब्यावर ठेवा, पाठ भिंतीला टेकवा, दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं उठा. या दोन मिनिटांत विड्या कमी होतात, हे खरं. त्याची भरपाई बाईनेच का करायची, हा मजुरीच्या दराचा प्रश्न आहे आणि तो युनियनच्या बैठकीत मांडला पाहिजे. 1976 च्या कायद्याने विडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, त्यातून दवाखाने निघाले. तिथल्या केसपेपरवर 'मानदुखी' बरोबर 'विडीकाम' हेही लिहून घ्यायला सांगा.

हातात मुंग्या येणं, पकड सुटून वस्तू पडणं, चालताना तोल जाणं, तापाबरोबर मान ताठणं, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, यांत व्यायाम नको, आधी डॉक्टर.

आता सतरंजीवर जरा ऐसपैस बसा, करून बघू. ज्यांच्या हाताला मुंग्या येतात त्या पुढे या, तुमच्याशी आधी बोलते.