लागर बियर आणि थंडी

सकाळी उतरविलेली ताडी सायंकाळपर्यंत आंबते, हे आपण जाणताच. बव्हेरियातील लागर बियरची रीत निराळी. तिला थंडी आणि सबुरी हवी. मोड आणून वाळविलेल्या जवाचा काढा हॉपच्या फुलांसह उकळावा, पुरता निववावा (कढत काढ्यात खमीर मरते), आणि खमीर घालून ८ ते १२ अंश सेल्सियसच्या गारठ्यात एकदोन आठवडे ठेवावा. पुढे गोठणबिंदूजवळ कित्येक आठवडे. उन्हाळ्यात ती नासे, म्हणून तेथील ड्यूक पाचवे आल्ब्रेख्त यांनी १५५३ साली संत जॉर्जच्या सणापासून संत मिखाएलच्या सणापर्यंत, म्हणजे २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर, बियर करण्यास मनाई केली. करणाऱ्यांच्या पोटावर पाय देणारा हा हुकूम आम्हांस तरीही न्याय्य वाटतो. नासका माल गरिबाच्याच पेल्यात पडावयाचा. थंडाव्याच्या यंत्राविना घरी लागर करू पाहणाऱ्यास तेथे आजही हेच पंचांग पाळावे लागते.