गाडीच्या अंगावरील चिन्हे
(प्रार्थनालयाच्या सभागृहात झालेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले)



आपल्या वृद्ध मंडळींना कुपात होलीमला, बाजारात आणि मलिद्याच्या कार्यांना नेण्यासाठी सर्वांच्या वर्गणीतून जी गाडी घेतली, तिच्या बाहेरील अंगावर काय लावावे याचा निर्णय पुढच्या सभेत व्हावयाचा आहे. सूचना चार आल्या आहेत : लाल मागेन दाविद, बॉनेटवर पितळी मानचिन्ह, एलियाहू हन्नाबींच्या रथाचे चित्र, आणि दिवंगतांच्या नावांच्या पाट्या. विषय शोभेचा आहे असे वाटून काहींनी तो हसण्यावारी नेला. मला तो तसा वाटत नाही, म्हणून मुकादम साहेबांकडे मी आज वेळ मागून घेतला.

आरंभ लाल मागेन दाविदपासून करते. मुंबईत मी परिचर्येचे शिक्षण घेत होते तेव्हा डॉक्टरांच्या बहुतेक गाड्यांच्या काचेवर लाल क्रॉस चिकटवलेला असे. तो डॉक्टरी पेशाचा बिल्ला आहे अशीच सर्वांची समजूत होती. वस्तुतः 1864 च्या जिनीव्हा करारापासून तो क्रॉस युद्धातील जखमींच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या रक्षणाचे चिन्ह आहे. स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटवून तो बनवला. भारतात 1960 च्या जिनीव्हा करार कायद्याप्रमाणे परवानगीवाचून तो वापरणाऱ्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. दंड भरलेला डॉक्टर मात्र माझ्या पाहण्यात कधी आला नाही.

आपल्या लाल ताऱ्याची कथा याहून कष्टाची आहे. मागेन दाविद अदोम ही संस्था 1930 मध्ये तेल अवीव येथे स्थापन झाली. 1949 च्या जिनीव्हा परिषदेत इस्राएलने या चिन्हाला मान्यता मागितली, ती थोडक्या मतांनी नाकारली गेली. पुढे छप्पन्न वर्षे वाद चालला. अखेर 8 डिसेंबर 2005 रोजी लाल स्फटिक, म्हणजे टोकावर उभा केलेला लाल कडांचा चौकोन, हे नवे चिन्ह करारात आले आणि 2006 च्या जूनमध्ये आपली संस्था जागतिक परिवारात घेतली गेली. त्याच वेळी पॅलेस्टाईनच्या लाल चंद्रकोर संस्थेलाही प्रवेश मिळाला. देशाच्या आत लाल तारा पूर्वीप्रमाणेच चालतो.

इतक्या सायासाने राखलेले चिन्ह आपण सजावट म्हणून लावावे काय? कायदा क्षणभर बाजूला ठेवा. भर रस्त्यात एखाद्याच्या छातीत कळ आली आणि समोरून लाल तारा लावलेली आपली गाडी आली, तर लोक हात करून ती थांबवतील. तिच्यात प्राणवायू नाही, हृदयाला धक्का देणारे यंत्र नाही. आहेत त्या आपल्या चार आज्या आणि औषधांच्या पिशव्या. आता गाडी आलीच, या भरवशावर कोणी 101 क्रमांक फिरवण्यास दोन मिनिटे उशीर केला, तर त्या दोन मिनिटांची किंमत काय असते, हे मी रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात उभी राहून पाहिले आहे. म्हणून या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे.

बॉनेटवरच्या पितळी मानचिन्हाविषयी थोडेच बोलते. पूर्वी मोटारींच्या नाकावर पऱ्या, पक्षी आणि तारे दिमाखाने उभे असत. गाडीची धडक बसलेला पादचारी बहुधा बॉनेटवरच येऊन आदळतो, आणि तेथे धातूचे टोक असले की साध्या खरचटण्याच्या जागी खोल जखम होते. युरोपात 1974 पासून असा नियम आहे की दहा मिलिमीटरपेक्षा अधिक पुढे आलेले शोभाचिन्ह दाब पडताच आत जावे, वाकावे किंवा सुटून यावे. रोल्स-रॉईसची प्रसिद्ध मूर्तीसुद्धा आता आत दडते. आपले पितळ स्क्रूने घट्ट बसवायचे, म्हणजे वर पत्र्याला भोक आणि त्या भोकातून गंज. ते मानचिन्ह सभागृहाच्या भिंतीवर अधिक शोभेल.

रथाच्या चित्राची सूचना ऐकून माझे मन भरून आले, हे मी लपवत नाही. अलिबागजवळच्या खंडाळा गावी खडकावर हन्नाबींच्या घोड्याच्या टापेची आणि रथाच्या चाकांची खूण दाखवतात. आमच्या वडिलांच्या पिढीने तेथे पायी जाऊन नवस फेडले. अग्निरथातून स्वर्गी गेलेल्या संदेष्ट्याचे चित्र गाडीवर असावे, ही कल्पना कोकणातल्या माणसालाच सुचावी. पण येथील ऊन कडक आहे. काही उन्हाळ्यांत रंग उडेल, कडा सुटतील, आणि ज्यांच्या नावाने आपण मलिदा करतो त्यांचे अर्धे फाटलेले चित्र चिखल मिरवत गावभर फिरेल. ते आत, चालकाच्या मागील पडद्यावर लावावे. प्रवासाची प्रार्थनाही आतच असावी. परमेश्वराचे नाव लिहिलेले पुसू नये हा आपला नियम आहे, आणि गाडीचा बाह्य भाग आज ना उद्या खरवडला जातोच.

राहिल्या नावांच्या पाट्या. हा प्रश्न खरोखर कठीण आहे. येथील रुग्णवाहिकांवर दात्यांची आणि त्यांच्या मृत आप्तांची नावे आपण नित्य वाचतो, आणि त्यात गैर काही नाही. एक दाता एक अखंड रुग्णवाहिका देतो. आपल्या गाडीला मात्र कोणी हजार शेकेल दिले, कोणी वीस. त्या वीस शेकेलवाल्या बाई आज मागच्या रांगेत बसल्या आहेत, आणि त्यांच्या यजमानांचे नाव कोणत्याच पाटीवर येणार नाही. ज्यांना मूलबाळ नव्हते, ज्यांच्यासाठी कद्दीश म्हणायला कोणी उरले नाही, त्यांची पाटी कोण लावील? शिवाय आपल्यात जुने रुसवेफुगवे आहेत. अमक्याच्या नावाच्या गाडीत मी पाय ठेवणार नाही, असे म्हणून गुडघेदुखीसह चालत निघणाऱ्या दोन आजी मी आत्ताच नाव न घेता दाखवू शकते. (हशा) सर्व नावे प्रार्थनालयातील स्मृतिफलकावर यावीत, वर्गणी न विचारता. गाडीवर आपल्या समाजाचे नाव मराठीत आणि हिब्रूत असले की पुरे.

या गाडीला खरी गरज आहे ती एका वेगळ्याच चिन्हाची : चाकाच्या खुर्चीचे, 1968 मध्ये डेन्मार्कच्या एका विद्यार्थिनीने रेखाटलेले. ते मागच्या दारावर ठळक लावावे आणि खाली लिहावे की तीन मीटर जागा सोडा. मागे कोणी गाडी खेटून उभी केली तर खुर्चीची उचलफळी उतरतच नाही. क्रमांकपट्टी, दिवे, मागचा कॅमेरा व बंपरमधील संवेदक यांवर काहीही येऊ देऊ नये.

लावणाऱ्या तरुणांना दोन शब्द. इंजेक्शनापूर्वी आपण त्वचा पुसतो तसा पत्रा आधी साबणाने, मग स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. घामेजल्या अंगावर चिकटपट्टी टिकत नाही, तेच येथे. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर लावू नका, सावलीत लावा. जागा आधी कागदी पट्टीने आखून घ्या, कारण एकदा टेकले की सरकवता येत नाही. सर्व बाजूंनी दाबून धरा. चुकलेच, तर केस वाळवण्याच्या यंत्राने ऊब द्या आणि दात साफ करण्याचा दोरा मागून ओढा, रंग निघणार नाही. गोंदाला पूर्ण पकड यायला बहात्तर तास लागतात, तोवर गाडी धुऊ नये. गुरुवारी सकाळी लावले तर रविवारी सकाळी ते पुरे होतील. शुक्रवारी आपली फेरी नसते, आणि शब्बाथला गाडी उभीच असते.