दूरची सभा आणि दारची सेवा

(सप्तापूर, धारवाड येथे न्यासाच्या महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



न्यासाच्या मागील कार्याचा गौरव आमच्या आधीच्या वक्त्यांनी यथायोग्य केला आहे. आम्ही पुढील एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. सेवाभावी मंडळांच्या सभा आता फोनच्या पडद्यावर भरू लागल्या आहेत. ही रीत आपण स्वीकारावी काय, आणि स्वीकारावयाची तर कोणत्या अटींवर?

दूर राहून एकत्र येणे धारवाडला अगदीच अपरिचित नाही. १९५० च्या जानेवारीत येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि एकच गाणे अनेक घरांत एकाच वेळी ऐकू येऊ लागले. परंतु रेडिओ बोलतो आणि आपण ऐकतो. 'आमची हरकत आहे' असे त्याला सांगता येत नाही. पडद्यावरच्या सभेत ते सांगता येते, हा तिचा विशेष होय.

सेवामंडळांपैकी रोटरीचे उदाहरण बोधप्रद आहे. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस व त्यांचे स्नेही आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमत. त्या फिरत्या बैठकीवरूनच 'रोटरी' हे नाव पडले. त्याच संस्थेने २०१६ साली आपल्या नियमांत बदल करून क्लबांना समक्ष, पडद्यावर किंवा दोन्ही प्रकारे सभा भरविण्याची मोकळीक दिली. चार वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी आली आणि जे सोयीचे होते ते गरजेचे झाले.

या रीतीचा लाभ लहान नाही. गुडघे धरलेले वृद्ध सभासद, पुण्याला किंवा आखातात नोकरीस गेलेली मुले, लग्न होऊन परगावी गेलेल्या लेकी, संध्याकाळच्या स्वयंपाकामुळे सभेस कधीच न आलेल्या भगिनी, या सर्वांना सभेचे दार उघडते. आपल्या सप्तापुरात स्पर्धापरीक्षांच्या शिकवणीसाठी गावोगावची मुले खोल्या घेऊन राहतात आणि नोकरी लागली की निघून जातात. त्यांचा न्यासाशी धागा टिकावयाचा तर तो याच मार्गाने टिकेल.

परंतु आमच्या तीन अटी आहेत.

पहिली अट: ज्याच्याजवळ फोन नाही त्याला विसरू नये. २०२० च्या ऑगस्टमध्ये कर्नाटक शासनाने 'विद्यागम' योजना सुरू केली, तेव्हा आम्हां शिक्षकांना मुलांचे तीन गट करावे लागले: इंटरनेट असलेली, साधा फोन असलेली, आणि काहीच नसलेली. तिसऱ्या गटाकडे शिक्षकाने चालत जावयाचे होते. ऑक्टोबरमध्ये साथीमुळे ती योजना थांबवावी लागली, तरी तिच्यातील विचार टिकाऊ आहे. चिटणिसांनी सभासदांच्याही अशाच तीन याद्या कराव्यात. पहिल्यास सभेचा दुवा पाठवावा, दुसऱ्यास फोन करून मत विचारावे, तिसऱ्याच्या घरी कोणीतरी जाऊन यावे.

दुसरी अट शिस्तीची. झूमची विनामूल्य सभा चाळीस मिनिटांत आपोआप बंद पडते. आमच्यासारख्या वक्त्यांना हा एक उपकारच आहे! विषयपत्रिका दोन दिवस आधी धाडावी. उपस्थिती नावानिशी घ्यावी. एका फोनसमोर तीन सभासद बसले असतील तर तिघांची मते निरनिराळी विचारावीत. इतिवृत्त कागदावर लिहून पुढील समक्ष सभेत त्यावर सह्या घ्याव्यात. अशा सभेतील ठराव ग्राह्य धरावयाचे तर न्यासाच्या घटनेत तशी तरतूद वकिलांच्या सल्ल्याने करून घ्यावी. एप्रिल २०२० मध्ये केंद्र शासनाने दिलेली मुभा कंपन्यांच्या सभांना होती. तिच्यावर न्यासाने विसंबू नये. आणि देणगी न्यासाच्या खात्यातच यावी, कोणा पदाधिकाऱ्याच्या खाजगी फोनवर नव्हे.

तिसरी अट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. सभागृहात कोण ऐकत आहे हे आपणांस दिसते. पडद्यापलीकडे कोण ऐकत आहे हे दिसत नाही. समजा, एका विधवा भगिनीने मुलाच्या फीसाठी अर्ज केला आणि तो सभेत नावासह वाचला गेला. कोणा सभासदाचा फोन त्या वेळी स्वयंपाकघरात आहे, शेजारीण चहाला आली आहे, ओळखीचा मुलगा बाजूला अभ्यास करीत आहे. दुसऱ्या दिवशी गल्लीभर बोभाटा! त्या मुलाला फी मिळेल, परंतु वर्गात मान वर करून बसणे त्याला जड जाईल. शिक्षकाला अशी खाली गेलेली मान ओळखता येते. या हाताचे त्या हातास कळू नये, ही आपल्या वडिलांची रीत होती. मुसलमानाच्या घरी आणि हिंदूच्या घरीही तीच शिकवण. म्हणून अर्जावर क्रमांक घालावा आणि सभेत क्रमांकच वाचावा. नाव दोघा-तिघा विश्वस्तांपुरते राहावे. वह्या, शिधा, औषधे घेणाऱ्यांची छायाचित्रे गटावर मुळीच टाकू नयेत. देणगीदारास खर्चाचा चोख हिशेब दाखवावा. घेणाऱ्याचा चेहरा दाखविण्याचे कारण नाही.

बंधुभगिनींनो, सभा हे साधन आहे. सेवा ही ज्याच्या त्याच्या दारीच करावी लागते. आजाऱ्याच्या उशाशी बसणे, मयताच्या घरी जाणे, नापास झालेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवणे, ही कामे पडद्यावर होत नाहीत. सभेस जाण्यायेण्यात वाचलेला एक तास या कामी लागला, तरच ही नवी रीत आपणांस लाभली असे आम्ही म्हणू.